बदललेला गुडघा वापरायचा कसा: चौदा वर्षांनंतर सांगते

2011 च्या दिवाळीनंतर माझा उजवा गुडघा बदलला आणि 2013 च्या उन्हाळ्यात डावा. पहिल्या वेळी मी 57 वर्षांची होते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. आता अंबाजोगाईत असते. आसपासच्या खेड्यांतल्या बायका रिपोर्टची पिशवी घेऊन येतात आणि ओसरीवर बसून विचारतात, "बाई, करावं का नको?" त्याचं उत्तर मी देत नाही, ते डॉक्टरांनी एक्स-रे बघून द्यायचं. पण ऑपरेशननंतरची पंधरा-वीस वर्षं कशी काढायची, ते सांगते. मला डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, टाके काढायची तारीख मिळाली आणि "चालत राहा" असं सांगितलं गेलं. बाकीचं मी चुका करत शिकले.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, किती वर्षं टिकतो? आमच्याकडे गुडघा बदलता येतो हे बऱ्याच जणांना कळलं ते 2000 साली, पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला तेव्हा. ते करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. आज जसा गुडघा बसवतात त्याचा मूळ आराखडा 1970 च्या दशकात तिथं तयार झाला, आणि तो करणाऱ्यांत हेच राणावत होते. तेव्हा गावात सगळे म्हणायचे, दहा वर्षांनी पुन्हा उघडावा लागतो. तो समज अजून गेलेला नाही. 2019 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात परदेशातल्या राष्ट्रीय नोंदींवरून हिशेब छापून आला. पूर्ण बदललेल्या शंभरातले साधारण 82 गुडघे 25 वर्षांनीही जागेवर होते. अर्धा, म्हणजे सांध्याच्या एकाच बाजूचा भाग बदललेला असेल तर शंभरात 70.

मात्र वयाप्रमाणे हिशेब बदलतो. त्याच नियतकालिकात 2017 साली ब्रिटनमधली आकडेवारी आली होती. सत्तरीनंतर गुडघा बदलला तर उरलेल्या आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत तीच शंभरात 35 पर्यंत. कारण उघड आहे, त्यांना तो जास्त वर्षं आणि जास्त राबवून वापरायचा असतो. म्हणून 48-50 च्या माणसाला डॉक्टर "थोडं थांबा" म्हणतात तेव्हा ते टाळत नसतात. आणि एक गोष्ट मी माझ्या पदरची सांगते. हे आकडे खुर्चीत बसून जेवणाऱ्या लोकांचे आहेत. आपण पाटावर बसणारी माणसं.

बरं झालं म्हणजे काय झालं

ऑपरेशननं हाडावर हाड घासल्याची कळ जाते. रात्री कूस बदलताना जीव जायचा, ते थांबतं. वाकडे झालेले पाय सरळ होतात. पण नवा गुडघा आपल्या वीस वर्षांच्या वयातला गुडघा नसतो, आणि तशी आशा धरून जाणाराच सगळ्यात जास्त नाराज होतो. वेगवेगळ्या पाहण्यांत दर दहांतले एक-दोघे वर्षानंतरही समाधानी नसतात. त्यांतल्या काहींचं दुखणं खरं तर कंबरेतून किंवा खुब्यातून येत असतं. खुब्याची झीज गुडघ्यात दुखते हे मला माहीतच नव्हतं. म्हणून ऑपरेशनआधी खुब्याचा आणि मणक्याचाही विचार झाला आहे का, हे तोंडानं विचारा.

काही गोष्टींना घाबरू नका. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी कातडी बधिर होते, कारण तिथली बारीक नस कापली जाते. माझ्या उजव्या पायाची जागा कमी होत होत रुपयाएवढी उरलीय, ती आता जाणार नाही. जिना उतरताना 'टक' असा आवाज येतो, तो धातू प्लास्टिकवर टेकल्याचा. गुडघा शेजारच्यापेक्षा गरम लागतो, तो पाच-सहा महिने लागतोच. संध्याकाळची सूज वर्षभरही राहू शकते. मला खरं बरं वाटायला लागलं ते आठव्या महिन्यात, सव्वा महिन्यात नाही. व्हॉट्सॅपवर तिसऱ्या दिवशी नाचणाऱ्या आजीबाईंचे व्हिडिओ येतात. ते बघून स्वतःला दोष देऊ नका.

आधी सरळ, मग वाकणं

माझ्या जाऊबाईंचा गुडघा माझ्यानंतर तीन वर्षांनी बदलला. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "किती वाकतोय?" त्याही वाकवण्याच्याच मागे लागल्या. रात्री मात्र दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी घ्यायच्या. उशीनं बरं वाटतं, ते खरंय. पण गुडघा त्याच अर्धवट वाकलेल्या अवस्थेत आवळून बसतो. अडीच महिन्यांनी मी गेले तेव्हा त्या पलंगावर पाय लांब करून पडल्या होत्या. मी गुडघ्याखालून हात घातला, तो आरपार गेला. माझी मूठसुद्धा बसली असती.

"सरळ करून दाखवा बरं."

"सरळच होईना गं, दुखायलंय."

आज अकरा वर्षांनी त्यांचा गुडघा 110 अंश वाकतो, माझ्यापेक्षा बराच म्हणायचा. पण तो पूर्ण सरळ होत नाही, म्हणून उभं राहिल्यावर मांडीचा स्नायू सतत ताणलेला. दहा मिनिटं भाजी घेतली की मांडी भरून येते. तो पाय आखूड पडतो, त्या लंगडतात आणि आता कंबर धरलीय.

म्हणून पहिले तीन महिने हे करा. पाय लांब करून बसा. सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नाही, म्हणजे गुडघा अधांतरी राहील. आता मांडी आवळून गुडघा खाली दाबा, दहापर्यंत मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. मधल्या वेळात तसंच पडून राहा, पायाच्या वजनानंच तो खाली जातो. मग चादर काढून घरातल्या कुणाला तरी गुडघ्याखाली हात घालायला सांगा. आमचे सर, म्हणजे माझे यजमान, रोज रात्री बातम्या लागायच्या आधी ही परीक्षा घ्यायचे. पहिल्या आठवड्यात चार बोटं आत जायची, मग दोन, आणि पाचव्या आठवड्यात म्हणाले, "आता कागदसुद्धा सरकना." त्या दिवशी मी वॉकर सोडून काठी घेतली. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. निम्मे लोक ती चुकीच्या हातात धरून फिरतात.

वाकणंही लागतंच. सपाटीवर चालायला 70 अंशाच्या आत भागतं, जिना उतरायला 90-100 लागतात, खुर्चीतून हात न टेकता उठायला 105 च्या आसपास. टाच गादीवरून कुल्ल्याकडे सरकवत न्या, तिथं थांबा, परत लांब करा. पण ऑपरेशनआधी गुडघा जेवढा वाकत होता, नंतरही साधारण तेवढ्याच आसपास वाकतो. ज्यांचा आधीच 80 वर अडकला होता त्यांनी 130 ची वाट बघू नये. मालिशवाल्याकडून तर अजिबात दाबून घेऊ नका. लातूरच्या एका ओळखीच्या काकांनी घेतलं होतं. पंधरा दिवस सूज उतरली नाही.

घरी जाताना गाडीतला प्रवासही लक्षात ठेवा. मला छत्रपती संभाजीनगरहून पाच तास लागले. तासाला गाडी थांबवायची, चार पावलं चालायचं आणि बसल्या जागी पाऊल वर-खाली करत राहायचं. पहिल्या दीड-दोन महिन्यांत पोटरी एकाएकी सुजली, दुखली किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघायची नाही. ती रक्ताची गाठ असू शकते.

पाट, पंगत आणि पायऱ्या

मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं मी सोडलं. काही जणांना बसता येतं, पण खोल वाकवल्यावर प्लास्टिकच्या मागच्या कडेवर जोर येतो, म्हणून रोजची सवय नको. ऑपरेशनच्या आधीच संडासात कमोड बसवून घ्या. खोदकाम जमत नसेल तर कमोडची खुर्ची मिळते, ती भारतीय संडासावर ठेवता येते. शेजारी भिंतीला दांडी हवी. खुर्ची, पलंग यांची उंची आपल्या गुडघ्याएवढी किंवा थोडी जास्त असावी, प्लास्टिकची बुटकी खुर्ची काढून टाका. निवडण-टिपण ओट्यावर. पूजेला मी उंच टेबल केलं. सासूबाई असत्या तर देव एवढे वर बघून काय म्हणाल्या असत्या देव जाणे.

शेतात खुरपणीला बसणं बंद, उभ्यानं करायचं काम करा. कापूस उभ्यानं वेचता येतो, सोयाबीन कापायला मात्र जाऊ नका. पावसाळ्यात काळ्या रानात चिखल चपलेला चिकटून एकेक पाय किलोभर होतो आणि घसरतो, तेव्हा बांधावरूनच बघा. लग्नात पंगत बसली की मी सरळ खुर्ची मागते. पहिल्यांदा लाज वाटली. आता माझ्यामागे आणखी चार जणी मागतात.

पायऱ्यांचा नियम शाळेतल्या पोरांसारखा पाठ करा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तुळजापूरला पायऱ्या उतरून आत जावं लागतं, म्हणजे परतीची दमछाक शेवटी येते, हे ध्यानात ठेवून जा. मी दोन्ही गुडघ्यांवर माहूरही केलं, कठडा धरून, मध्ये दोनदा बसून. चालणं, सायकल, हलकं बागकाम चालतं. उड्या आणि पळणं नको.

वजनाबद्दल थोडक्यात. चालताना अंगावरचा एक किलो गुडघ्यावर चार किलोचा भार टाकतो. दुखणं गेल्यावर माणूस हिंडतो, खातो आणि फुगतो. माझं पहिल्या दोन वर्षांत सहा किलो वाढलं होतं. ते उतरवायला चार वर्षं लागली.

पायाच्या भेगा

हा भाग मी नव्या पेशंटला दोनदा सांगते.

बदललेल्या गुडघ्याला जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण कमी आहे, शंभरात एक-दोन. पण तो ऑपरेशननंतर लगेचच होतो असं नाही. दहा वर्षांनीही होऊ शकतो. दात किडला, लघवीत जंतू झाले, पायाला जखम चिघळली, की जंतू रक्तातून फिरतात. धातू-प्लास्टिकला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे एकदा त्यावर बसले की गोळ्या तिथं पोचत नाहीत. मधुमेह असेल तर धोका आणखी. ऑपरेशनआधी तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणायला सांगतात, ती नंतरही आटोक्यात ठेवायची असते, हे मात्र लोक विसरतात.

2017 च्या येळवसची, म्हणजे वेळ अमावास्येची गोष्ट. शेतात पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, सगळं झालं. त्या दिवशी रानात चप्पल घालायची नाही म्हणून मी दिवसभर अनवाणी. टाचांना थंडीच्या भेगा पडलेल्या, त्यात माती गेली. चौथ्या दिवशी पाऊल लाल झालं, घोट्यापर्यंत सुजलं, रात्री थंडी वाजून ताप. जवळच्या एका डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. माझ्या पायात धातू आहे हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. ताप उतरला, परत आला. सूनबाई तेल लावायला बसली आणि तिचा हात थबकला.

"आई, हा गुडघा गरम कामून लागायलाय?"

सहा वर्षं थंड असलेला गुडघा. मी ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन लावला. त्यांचं पहिलं वाक्य, "आता एकही गोळी नवीन सुरू करू नका, आधी इकडे या." गुडघ्यातलं पाणी काढून तपासायचं असतं. आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं की जंतू तपासात सापडत नाहीत आणि मग कोणतं औषध चालेल तेच कळत नाही. माझ्या तीन दिवसांच्या गोळ्यांमुळे त्यांना दोनदा पाणी काढावं लागलं. गुडघा स्वच्छ निघाला, संसर्ग पावलापुरताच होता. आठ दिवस सलाइनवर राहून सुटले. सर्जन म्हणाले, जंतू आत शिरले असते आणि काही दिवसांतच आला असता, तर उघडून धुऊन, मधलं प्लास्टिक बदलून बहुधा भागलं असतं. उशीर झाला असता तर सगळा सांधा काढून, औषध मिसळलेलं सिमेंट (सांधा हाडाला चिकटवतात ते) काही आठवडे आत ठेवून, मग पुन्हा नवा बसवावा लागला असता. म्हणजे दोन मोठी ऑपरेशनं.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. रोज रात्री कोमट पाण्यानं पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, टाचांना व्हॅसलीन. येळवसलाही चप्पल. देव रागावणार नाही, माझी खात्री आहे. दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं की गुडघे बदललेत, आणि दात काढायचा असेल तर आपल्या सर्जनना आधी फोन. बदललेल्या गुडघ्यात सांध्याच्या सर्जनशिवाय कुणाची सुई जाऊ द्यायची नाही, "नुसतं पाणी काढतो" म्हणाले तरी. आणि बरीच वर्षं चांगल्या असलेल्या गुडघ्यात नव्यानं दुखणं, लाली, ऊब किंवा टाक्यातून पाण्याचा थेंब आला तर दोन दिवसांच्या आत सर्जन. त्यात थंडी-ताप असेल, माणूस गळून गेला असेल, तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट मोठा दवाखाना.

पिशवी

आमच्या कपाटामागे खिळ्याला एक कापडी पिशवी लटकते. तिच्यात सगळे एक्स-रे आणि इम्प्लांटचे स्टिकर. बसवलेल्या प्रत्येक भागाच्या डब्यावर कंपनी, माप आणि नंबर असलेला स्टिकर असतो. तो तुमच्या फाइलमध्ये चिकटवलेला हवा. माझ्या पहिल्या ऑपरेशनच्या फाइलमध्ये तो नव्हताच. डाव्याच्या वेळी मी भांडून दोन्हींचे मागून घेतले. पुढे कधी नुसतं प्लास्टिक बदलायचं झालं तर त्याच कंपनीचं, त्याच मापाचं लागतं, आणि वीस वर्षांनी तो दवाखाना असेल का, ते डॉक्टर असतील का, कोण सांगावं. बिलातही इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्रानं या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम धातूच्या गुडघ्याची तेव्हा 54,720 रुपये ठरली, जीएसटी वेगळा. माझी दोन्ही ऑपरेशनं त्याआधीची. त्या पैशाचा विचार मी करत नाही.

काही दुखत नसलं तरी एक्स-रे काढायचा, पहिल्या वर्षी, पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी आणि मग सर्जन सांगतील तसा. उभं राहूनच काढायला सांगा, झोपून काढलेला उपयोगाचा नाही. दहाव्या वर्षी सर्जननी माझा जुना आणि नवा फोटो खिडकीच्या काचेला शेजारी शेजारी धरला. वर पांढरा धातू, खाली पांढरा धातू आणि मध्ये रिकामी फट. मी म्हटलं, इथलं काय झालं? ते हसले. प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही, ती फट म्हणजेच प्लास्टिक. ती एका बाजूला अरुंद होत गेली तर झीज. दुसरी बघायची जागा सिमेंट आणि हाडाच्या मधली. तिथं काळी रेघ येऊन ती वर्षागणिक रुंदावत असेल तर सांधा ढिला होतोय. झिजलेल्या प्लास्टिकच्या भुकटीनंही हाड खाल्लं जातं, आणि बराच काळ दुखत नाही. म्हणून फोटो. दुखण्यातून कळतं ते असं, बसून उठल्यावर पहिली पाच-सहा पावलं कळ येते, मग चालल्यावर कमी होते. असं सुरू झालं तर पिशवी घेऊन जा.

पडल्यावर उठायचं कसं

नव्या गुडघ्याशेजारचं हाड मोडणं फार वाईट, ते जोडायला धातू आड येतो. न्हाणीत खरखरीत फरशी टाका, शहाबादीवर साबणाचं पाणी राहू देऊ नका, उंबऱ्याला पांढरा पट्टा मारा आणि लाइट जाते तेव्हा उशाला बॅटरी ठेवा. हाडांसाठी ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आम्ही एवढ्या उन्हात राहूनही माझं कमी निघालं.

तरी माणूस पडतोच. जमिनीवरून उठणं हे कुणी शिकवत नाही, ते आधीच गादीवर शिकून ठेवा. आधी घाई न करता पडून राहा, काही मोडलंय का बघा. पाय हलेना किंवा वाकडा दिसला तर उठू नका, माणसं बोलवा. ठीक असाल तर कुशीवर वळा, हातांवर जोर देऊन चार पायांवर या. गुडघा टेकल्यावर विचित्र लागतं, दगडावर टेकल्यासारखं, पण त्यानं सांधा निसटत नाही. खाली उशी किंवा घडी घातलेला टॉवेल सरकवा. तसंच रांगत पलंगापर्यंत जा, दोन्ही हात पलंगावर, जो पाय बळकट आहे त्याचं पाऊल पुढे जमिनीवर रोवा, हातांनी दाबा, वर या आणि वळून बसा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सर शेजारी खुर्ची धरून उभे होते आणि हसायले होते. आता दर संक्रांतीला एकदा करून बघते. गेल्या वर्षीपासून सरही करतात.